फ्रेजल व्हर्ब आणि एकशब्दी पर्याय : अर्थबोधाच्या एका रूढ पद्धतीची चिकित्सा

प्रास्ताविक

इंग्रजीचे कोणतेही मार्गदर्शक पुस्तक उघडले की त्याच्या अखेरच्या पानांत एक कोष्टक हमखास आढळते. डाव्या रकान्यात ‘पुट ऑफ’, ‘गिव्ह अप’, ‘पुट आउट’, ‘पुट ऑन’, ‘ब्रिंग अबाउट’ अशी क्रियापदे असतात. उजव्या रकान्यात अनुक्रमे ‘पोस्टपोन’, ‘सरेंडर’, ‘एक्स्टिंग्विश’, ‘वेअर’, ‘कॉज’ असे एकेक शब्द असतात. दोहोंच्या मध्ये बरोबरीचे चिन्ह असते. विद्यार्थ्याने हे कोष्टक पाठ करावे आणि परीक्षेत डावीकडील शब्द खोडून उजवीकडील शब्द लिहावा, अशी अपेक्षा असते. या पद्धतीने गुण मिळतात, हे खरे. तथापि त्यातून अर्थ कळतो काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखात या बरोबरीच्या चिन्हाची चिकित्सा करावयाची आहे. फ्रेजल व्हर्बला दिलेला एकशब्दी पर्याय हा त्याचा अर्थ नसून अर्थाचा एक तुटलेला अंश असतो, आणि तोच अर्थ म्हणून शिकवल्यास विद्यार्थी जिवंत इंग्रजीपासून दूर जातो, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. मराठी विद्यार्थ्याजवळ हा अर्थ जाणण्याचे एक साधन त्याच्या मातृभाषेतच उपलब्ध आहे आणि आपले अध्यापन त्याचा पुरेसा उपयोग करीत नाही, हे त्याला जोडून आलेले दुसरे प्रतिपादन होय.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकवला जाऊ लागला. त्यानंतरच्या पिढीला इंग्रजीचा सहवास आधीच्या पिढ्यांपेक्षा कितीतरी अधिक लाभला. तरीही वृत्तपत्रातील अग्रलेख समजणारा विद्यार्थी दोन इंग्रजी भाषकांचे साधे संभाषण ऐकताना अडखळतो, हा अध्यापकांच्या नित्य अनुभवाचा भाग आहे. अग्रलेखातील अवघड शब्द त्याने पाठ केलेले असतात. संभाषणातील शब्द मात्र ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’, ‘कम’ असे इयत्ता पहिलीतले असतात आणि नेमके तेच त्याला कळत नाहीत. म्हणून हा प्रश्न केवळ व्याकरणाच्या एका घटकापुरता राहत नाही.

संज्ञा आणि पूर्वपीठिका

साधे क्रियापद आणि ‘अप’, ‘डाउन’, ‘इन’, ‘आउट’, ‘ऑन’, ‘ऑफ’ यांसारखे अव्यय यांच्या संयोगातून जेव्हा एक नवा अर्थ सिद्ध होतो, तेव्हा त्या जोडीला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. ही संज्ञा लोगन पिअर्सॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या ‘वर्ड्‌स अँड इडियम्स’ या ग्रंथातून रूढ झाली. ती आपल्याला कोशकार हेन्री ब्रॅडली यांनी सुचवली, असे स्मिथ यांनीच नोंदवले आहे. मराठीत तिला सर्वमान्य प्रतिशब्द नसल्याने येथे मूळ संज्ञाच वापरली आहे.

संज्ञा अर्वाचीन असली तरी अडचण जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी आपल्या १७५५ सालच्या कोशाच्या प्रस्तावनेत ही रचना परकीयांना सर्वाधिक त्रासदायक ठरते, असे म्हटले आहे आणि काही उदाहरणे अर्थांसह दिली आहेत. ती उदाहरणे आज वाचणे उद्‌बोधक ठरते. जॉन्सन यांनी ‘सेट ऑफ’चा अर्थ शोभा वाढविणे, ‘फॉल ऑफ’चा अर्थ धर्मत्याग करणे आणि ‘टेक ऑफ’चा अर्थ नक्कल करणे असा दिला आहे. आजच्या वाचकाला ‘सेट ऑफ’ म्हटले की प्रवासाला निघणे आठवते, ‘फॉल ऑफ’ म्हटले की घसरण आठवते आणि ‘टेक ऑफ’ म्हटले की विमानाचे उड्डाण. जॉन्सन यांचे अर्थ चुकीचे नव्हते; त्यांपैकी शोभा वाढविण्याचा आणि नकलेचा अर्थ आजही काही संदर्भांत टिकून आहे. परंतु एका अर्थाला एक पर्याय चिकटवून दिला की तो पर्याय जागीच राहतो आणि फ्रेजल व्हर्ब मात्र पुढे चालत जाते, हे यावरून दिसते.

एकाच क्रियेसाठी इंग्रजीत दोन प्रकारची क्रियापदे का आढळतात, याचे उत्तर त्या भाषेच्या इतिहासात आहे. प्राचीन इंग्रजीत अशी अव्यये बहुधा क्रियापदाच्या आधी जोडली जात. मध्ययुगात ती क्रियापदानंतर येऊ लागली. दरम्यान १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच भाषेतून आणि पुढे विद्वानांच्या व्यवहारातून लॅटिनमधून असंख्य क्रियापदे इंग्रजीत आली. दरबार, न्यायालय, चर्च आणि विद्यापीठ यांच्या व्यवहारात ती रुळली. घर, शेत आणि बाजार यांची भाषा बहुतांशी जुन्या शब्दांवरच चालू राहिली. कोष्टकातील डावा रकाना बव्हंशी घरातला आहे आणि उजवा बव्हंशी कचेरीतला. त्यांच्यामध्ये बरोबरीचे चिन्ह घालणे म्हणजे हा सामाजिक इतिहास पुसून टाकणे होय.

पर्यायात काय हरवते

एकशब्दी पर्यायात पहिली हरवते ती भाषेची पातळी. ‘पुट ऑफ’ आणि ‘पोस्टपोन’ यांचा निर्देश एकाच क्रियेकडे आहे. परंतु बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग वेगळे आहेत. मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगण्याची गरजच पडू नये. ‘पुढे ढकलणे’, ‘लांबणीवर टाकणे’, ‘तहकूब करणे’ आणि ‘स्थगित करणे’ ही आपल्याकडील चार रूपे पाहावीत. सभा तहकूब होते, अंमलबजावणी स्थगित होते, निर्णय लांबणीवर पडतो आणि दाढदुखी असह्य होईपर्यंत दंतवैद्याकडे जाणे आपण पुढे ढकलतो. ‘आज आंघोळ स्थगित केली’ असे कोणी म्हटले तर ऐकणारा हसतो, कारण शब्दाची पातळी प्रसंगाशी जुळत नाही. आपला विद्यार्थी इंग्रजी बोलताना नेमके हेच करीत असतो. फरक इतकाच की ऐकणारा सौजन्याने हसत नाही.

डग्लस बायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी व्याकरणात प्रत्यक्ष वापरातील भाषेच्या नमुन्यांच्या आधारे असे दाखविले आहे की फ्रेजल व्हर्ब संभाषणात आणि कथात्म साहित्यात अधिक आढळतात, शास्त्रीय लेखनात कमी. कोष्टक पाठ करून डाव्या रकान्याऐवजी सर्वत्र उजवा रकाना वापरणारा विद्यार्थी संभाषणातही शास्त्रीय लेखनाची भाषा बोलू लागतो. घरातल्या दिव्याबद्दल बोलतानाही तो सूचनाफलकाचा शब्द योजतो.

दुसरी हरवते ती व्याप्ती. ‘गिव्ह अप’ बरोबर ‘सरेंडर’ हे समीकरण घेऊ. गुन्हेगार पोलिसांच्या स्वाधीन होतो तेथे ते लागू पडते. परंतु धूम्रपान सोडणे, आशा सोडणे, बसमध्ये वृद्धाला आपली जागा देणे आणि कोडे सुटत नाही म्हणून हार मानणे या सर्व ठिकाणी इंग्रजी भाषक ‘गिव्ह अप’ म्हणतो. धूम्रपान ‘सरेंडर’ केले असे मात्र कोणी म्हणत नाही. ‘पुट ऑफ’चीही हीच स्थिती आहे. वासाने एखाद्याची अन्नावरची वासना उडाली, तरी इंग्रजीत तेथे ‘पुट ऑफ’च येते. तेथे ‘पोस्टपोन’ लिहिणारा विद्यार्थी चूक करतो. पण कोष्टकाप्रमाणे तो बरोबरच असतो. ‘ब्रेक आउट’ घ्यावे : युद्ध पेटते, साथ उद्‌भवते, कैदी तुरुंग फोडून पळतात आणि माणसाला घाम फुटतो. या चारही ठिकाणी इंग्रजीत हीच एक जोडी चालते. एकच पर्याय या चौघांना पुरत नाही. उलट मराठीतील ‘घाम फुटणे’ या प्रयोगात ‘ब्रेक’ची मूळ कल्पना जशीच्या तशी आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तिसरी हरवते ती क्रियेची अवस्था. ‘पुट ऑन’ म्हणजे ‘वेअर’ हे कोष्टकातील समीकरण तर सरळ चुकीचे आहे. ‘पुट ऑन’ म्हणजे वस्त्र अंगावर चढविण्याची क्रिया, तर ‘वेअर’ म्हणजे ते अंगावर असण्याची स्थिती. ‘समारंभात ती निळी साडी नेसली होती’ या वाक्याचे भाषांतर करताना आपले विद्यार्थी ‘पुट ऑन’चे चालू भूतकाळी रूप वापरतात. इंग्रजी वाचकाला त्यातून असे चित्र दिसते की ती स्त्री समारंभ चालू असताना साडी नेसत होती. हा दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीचा नाही. मराठीत ‘नेसली होती’ हे एकच रूप क्रिया आणि तिच्यातून उरलेली स्थिती अशी दोन्ही दाखविते. इंग्रजी त्यांना दोन वेगळी क्रियापदे देते. कोष्टकाने दाखवायला हवा होता तो हा भेद, आणि नेमका तोच त्याने बरोबरीच्या चिन्हाखाली झाकला.

चौथा लोप अधिक सूक्ष्म आहे. तो शब्दांमधील नात्यांचा आहे. ‘ब्रिंग अबाउट’ म्हणजे ‘कॉज’ आणि ‘कम अबाउट’ म्हणजे ‘हॅपन’, असे कोष्टक सांगते. ‘कॉज’ आणि ‘हॅपन’ यांत रूपाचे काहीच साम्य नाही, म्हणून विद्यार्थी दोन असंबद्ध गोष्टी पाठ करतो. मुळात ‘ब्रिंग’ आणि ‘कम’ ही प्रयोजक-अकर्मक जोडी आहे. मराठीत तिचे रूप आरशात पाहावे तसे दिसते : ‘घडवून आणणे’ आणि ‘घडून येणे’. पुढे हीच जोडी सर्वत्र सापडते. नियतकालिकाचा अंक बाहेर काढणे आणि बाहेर येणे, भाव खाली आणणे आणि खाली येणे, चर्चेत विषय काढणे आणि विषय निघणे, या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘ब्रिंग’ आणि ‘कम’ यांना ‘आउट’, ‘डाउन’ किंवा ‘अप’ जोडले जाते. दिवा विझविणे आणि विझणे यांसाठी ‘पुट आउट’ आणि ‘गो आउट’ येतात. ही व्यवस्था एकदा दिसली की दहा रूपे एका सूत्रात बसतात. एकशब्दी पर्याय दिला की सूत्र तुटते आणि मणी विखुरतात.

दिशेचा घोटाळा

केवळ पर्यायावर विसंबल्याने व्यवहारात घोटाळा कसा होतो, याचे एक उदाहरण कालवाचक प्रयोगांचे आहे. मराठीत बैठक ‘पुढे ढकलली’ म्हणजे ती ठरल्यापेक्षा उशिरा होणार. इंग्रजीत बैठक ‘ब्रिंग फॉरवर्ड’ केली म्हणजे ती ठरल्यापेक्षा लवकर होणार. ‘फॉरवर्ड’चा अर्थ ‘पुढे’ असा शिकलेला विद्यार्थी येथे नेमका उलट अर्थ घेतो. ब्रिटिश इंग्रजीत बैठक ‘पुट बॅक’ केली म्हणजे ती उशिरा होणार. मराठी मनाला ‘बॅक’मध्ये ‘मागे’ ऐकू येते आणि बैठक अलीकडे आली असे वाटते. काळाच्या प्रवाहात पुढची बाजू कोणती मानायची, याबद्दल दोन भाषांची कल्पना येथे जुळत नाही. ‘पुट बॅक’ बरोबर ‘पोस्टपोन’ एवढे पाठ केल्याने हे एक रूप सुटेल; पण पुढील अपरिचित रूप समोर आले की घोटाळा पुन्हा होईल. भारतीय इंग्रजीत ‘प्रीपोन’ हा शब्द रूढ झाला, त्यामागे ही अडचण टाळण्याची गरज असावी, असे मानण्यास जागा आहे.

दुसरे उदाहरण सार्वजनिक जीवनातले आहे. बँकांनी कर्जे ‘राइट ऑफ’ केल्याची बातमी आली की ‘राइट ऑफ’ म्हणजे ‘कॅन्सल’, म्हणजेच कर्ज माफ, असा अर्थ सर्रास घेतला जातो आणि त्यावरून वाद रंगतात. बँक व्यवहारात ‘राइट ऑफ’ म्हणजे बुडीत ठरलेली रक्कम ताळेबंदातून बाजूला काढणे. कर्जदाराचे दायित्व त्यामुळे संपत नाही आणि वसुलीचे प्रयत्न चालू राहू शकतात. कर्जमाफीसाठी इंग्रजीत ‘वेव्ह’ हे साधे क्रियापद आहे. त्याला आपल्याकडील वृत्तपत्रांत विनाकारण ‘ऑफ’ जोडले जाते. ‘राइट ऑफ’च्या वजनावर ते आले असावे. परिणामी ज्या दोन गोष्टींत मोठा आर्थिक भेद आहे त्या ‘ऑफ’च्या साम्याने एकच वाटू लागतात. मराठीत ‘बुडीत खाती टाकणे’ आणि ‘माफ करणे’ हे दोन स्वच्छ वेगळे प्रयोग असताना हा गोंधळ व्हावा, हे खेदजनक आहे. येथे चुकीचा पर्याय केवळ गुण घटवीत नाही, तर नागरिकाची समजूत बिघडवितो.

अव्ययाला स्वतंत्र अर्थ असतो काय?

कोष्टकाची पद्धत एका गृहीतावर उभी आहे. ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ यांना या जोड्यांत काही अर्थ नसतो, म्हणून प्रत्येक जोडी वेगळी पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही, असे ते गृहीत आहे. हा प्रश्न भारतीय परंपरेला अपरिचित नाही. यास्कांच्या निरुक्तात उपसर्गांविषयीचे दोन पक्ष नोंदविलेले आहेत. शाकटायनांच्या मते सुट्या उपसर्गाला निश्चित अर्थ नसतो. नाम किंवा क्रियापद यांच्याशी जोडला गेल्यावरच तो काही सूचित करतो. गार्ग्यांच्या मते उपसर्गांना स्वतःचे विविध अर्थ असतात. वैदिक भाषेत उपसर्ग क्रियापदापासून दूर आणि क्वचित त्याच्यानंतरही येऊ शकत असे, याची नोंद पाणिनीनेही घेतली आहे. ‘हृ’ या एकाच धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार आणि परिहार कसे होतात, हे संस्कृतचा विद्यार्थी आरंभीच शिकतो. फ्रेजल व्हर्बशी या रचनेचे पूर्ण साम्य नाही. तथापि विचारण्याचा प्रश्न तोच आहे.

पाश्चात्त्य अभ्यासातही हे दोन पक्ष दिसतात. फ्रेजल व्हर्बला अविभाज्य वाक्प्रचार मानून कोशात घालणे हा शाकटायन पक्षाला जवळचा मार्ग म्हणता येईल. ड्‌वाइट बोलिंजर यांचा १९७१ सालचा या विषयावरील ग्रंथ, जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांचे १९८० सालचे रूपकविषयक विवेचन आणि सुसान लिंडनर यांचा १९८१ सालचा ‘अप’ व ‘आउट’ यांवरील प्रबंध यांनी दुसऱ्या पक्षाला बळ दिले. अव्ययाचा मूळ स्थलवाचक अर्थ रूपकाच्या वाटेने विस्तारतो, असे या विचाराचे सार आहे.

उदाहरणार्थ, ‘ईट’ म्हणजे खाणे आणि ‘ईट अप’ म्हणजे सगळे खाऊन संपविणे. ‘टेअर’ म्हणजे फाडणे आणि ‘टेअर अप’ म्हणजे फाडून तुकडे करणे. ‘यूज’ म्हणजे वापरणे आणि ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपविणे. भांडे भरत गेले की पातळी वर चढते आणि काठाला लागली की काम पूर्ण होते. ‘वर’ या दिशेतून ‘पूर्णता’ हा अर्थ असा निष्पन्न झाला असावा, असे म्हणता येते. हा अर्थ ‘अप’चाच आहे, क्रियापदाचा नव्हे. ‘कन्झ्यूम’ असा पर्याय देताच ही पूर्णता धूसर होते.

अर्थात गार्ग्यांचा पक्ष सर्वत्र लागू पडेल, असा दावा करणे धाडसाचे ठरेल. घर जळून बेचिराख झाले तर इंग्रजीत ‘बर्न डाउन’ म्हणतात आणि कागद जळून गेला तर ‘बर्न अप’. घर कोसळते म्हणून ‘डाउन’ आणि कागद शिल्लक उरत नाही म्हणून ‘अप’, असे स्पष्टीकरण नंतर देता येते; आधी भाकीत करता येत नाही. अर्ज भरणे यासाठी ‘फिल इन’ आणि ‘फिल आउट’ असे परस्परविरुद्ध दिशांचे दोन्ही प्रयोग चालतात. तेव्हा अव्ययाचा अर्थ हा नियम नसून खूण आहे, एवढेच म्हणावे. परंतु खूण असलेला रस्ता आणि खूण नसलेला रस्ता यांत वाटसरूच्या दृष्टीने मोठे अंतर असते.

मराठीचे साहाय्य आणि त्याची मर्यादा

येथे मराठी विद्यार्थ्याच्या जमेच्या बाजूकडे वळणे आवश्यक आहे. मराठीतील संयुक्त क्रियापदांची चर्चा मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथापासून अभ्यासकांना परिचित आहे. ‘लिहिणे’ हे एक क्रियापद घ्यावे. ‘लिहून टाक’ म्हणजे काम उरकून मोकळा हो. ‘लिहून ठेव’ म्हणजे पुढे उपयोगी पडेल. ‘लिहून दे’ म्हणजे लेखी हमी दे. ‘लिहून घे’ म्हणजे मी सांगतो ते उतरव. ‘लिहून काढ’ म्हणजे सगळे नीट, पूर्ण लिही. ‘लिहून बसला’ म्हटले की लिहिणाऱ्याला आता पश्चात्ताप होत आहे, हेही कळते.

समजा एखाद्या परदेशी विद्यार्थ्याच्या मराठी पाठ्यपुस्तकात ‘लिहून बसणे’ बरोबर ‘लिहिणे’ असे छापले, तर आपण त्या पुस्तकाला काय म्हणू? अर्थाचा प्राणच त्यात राहिला नाही, असे म्हणू. ‘लग्न केले’, ‘लग्न करून टाकले’, ‘लग्न करून दिले’ आणि ‘लग्न करून बसला’ या चार वाक्यांत विवाहविधी एकच असला तरी चार वेगळ्या कथा आहेत. कोणत्याही मराठी मुलाला त्या शिकवाव्या लागत नाहीत. ‘ईट अप’ म्हणजे ‘खाऊन टाकणे’, ‘राइट डाउन’ म्हणजे ‘लिहून ठेवणे’ किंवा ‘लिहून घेणे’, असे सांगितले की त्याच्या कानाला जे कळते ते ‘कन्झ्यूम’ किंवा ‘रेकॉर्ड’ सांगून कळत नाही.

जवळच्या दोन फ्रेजल व्हर्बमधील भेदही मराठी वाक्प्रचारांनी उत्तम उलगडतो. ‘गिव्ह अप’ आणि ‘गिव्ह इन’ या दोहोंसाठी कोष्टके ‘सरेंडर’ किंवा ‘यील्ड’ असा जवळजवळ एकच पर्याय देतात. ‘गिव्ह अप’मध्ये माणूस आपला प्रयत्न थांबवितो; समोर दुसरा कोणी असण्याची गरज नाही. ‘गिव्ह इन’मध्ये समोरच्याच्या दबावापुढे तो वाकतो. मराठीत पहिल्यासाठी ‘हात टेकणे’ किंवा ‘नाद सोडणे’ आहे आणि दुसऱ्यासाठी ‘नमते घेणे’. गणितापुढे आपण हात टेकतो. नमते घेतो ते घरातल्या माणसापुढे. हा भेद मुलाला आधीच ठाऊक आहे. शिक्षकाने फक्त बोट दाखवायचे असते.

या साहाय्याची मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. मराठी संयुक्त क्रियापदातील दुसरा घटक क्रियापद असतो, इंग्रजीतील दुसरा घटक दिशावाचक अव्यय. मराठी रचना बोलणाऱ्याची वृत्ती, हेतू आणि क्रियेचा लाभार्थी सांगण्याकडे अधिक झुकते. इंग्रजी रचना दिशा आणि परिणाम सांगण्याकडे. म्हणून ‘टाकणे’ बरोबर ‘अप’ असे नवे कोष्टक तयार करणे ही जुनीच चूक नव्या रूपात करणे ठरेल. साहाय्य घ्यायचे ते प्रतिशब्दांचे नाही, जाणिवेचे. दोन साधे शब्द एकत्र आल्यावर तिसराच अर्थ निर्माण होतो, ही जाणीव मराठी भाषकाजवळ उपजत आहे.

दुसऱ्या भाषेच्या अध्ययनावरील संशोधन याला अंशतः पुष्टी देते. दागुत आणि लॉफर यांनी १९८५ साली हिब्रू भाषक विद्यार्थी फ्रेजल व्हर्ब टाळून एकशब्दी पर्याय निवडतात, असे दाखविले आणि त्याचे कारण हिब्रूत अशी रचना नसणे हे सांगितले. हुल्स्टाइन आणि मार्चेना यांनी १९८९ साली डच विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. डचमध्ये समान रचना असूनही अर्थाच्या अडचणीमुळे काही टाळाटाळ होतेच, असे त्यांना आढळले. म्हणजे रचना ओळखीची असणे उपयोगी असले तरी पुरेसे नाही. अर्थाचे शिक्षण द्यावेच लागते. आपली पद्धत मात्र या टाळण्यालाच अभ्यासाचे रूप देते. फ्रेजल व्हर्ब काढून तेथे एक शब्द घाला, हा प्रश्न सोडविता सोडविता विद्यार्थी ती काढून टाकण्यातच तरबेज होतो.

पूर्वपक्षाचा विचार

कोष्टकाच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद करता येईल. फ्रेजल व्हर्बची संख्या हजारोंनी आहे, तासिका मोजक्या आहेत, वर्ग मोठे आहेत. अशा स्थितीत एक शब्द तरी हाती लागणे काहीच न लागण्यापेक्षा बरे. या म्हणण्यात तथ्य आहे. प्रथम परिचयासाठी पर्याय उपयुक्त असतो, आणि औपचारिक लेखन करताना उजव्या रकान्यातील शब्द अवश्य हवेत. आक्षेप पर्यायाला नसून पर्यायालाच अर्थ मानण्याला आहे.

संख्येच्या भीतीचे मात्र निराकरण करता येते. गार्डनर आणि डेव्हिस यांनी २००७ साली ब्रिटिश नॅशनल कॉर्पसच्या आधारे दाखविले की केवळ २० क्रियापदे आणि ८ अव्यये यांच्या जोड्यांतून त्या संग्रहातील निम्म्याहून अधिक फ्रेजल व्हर्बचा वापर व्यापला जातो. त्याच अभ्यासात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या १०० फ्रेजल व्हर्बचे कोशगत अर्थ ५५९ भरले, म्हणजे सरासरी प्रत्येकी पाचांहून अधिक. ‘एका रूपाला एक पर्याय’ ही पद्धत का अपुरी पडते, हे या एका आकड्यावरून कळावे. पुढे गार्निए आणि श्मिट यांनी २०१५ साली १५० फ्रेजल व्हर्बचे प्रत्यक्षात वारंवार येणारे २८८ अर्थ निवडून यादी केली. तेव्हा पाठांतरासाठी अमर्याद यादी आणि समजण्यासाठी मर्यादित यादी, यांत निवड करणे शक्य आहे.

याउलट साध्या क्रियापदांनी सगळे सोपे होईल, हा आशावादही तपासून घ्यावा. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. तीत क्रियापदे अवघी १८ होती. उरलेल्या क्रियापदांचे काम या अठरांपैकी काही आणि दिशावाचक अव्यये यांच्या जोड्यांनी भागविले होते. शब्दसंख्या कमी झाली. पण अवघडपणा शब्दांतून जोड्यांत सरकला. ‘पुट’ आणि ‘अप’ आणि ‘विथ’ हे तीनही शब्द माहीत असलेल्याला ‘पुट अप विथ’ म्हणजे ‘सोसणे’ हे कसे कळावे? ऑग्डेन यांनी जोड्या सोप्या मानल्या आणि कोष्टककारांनी त्या टाळण्याजोग्या मानल्या. दोघांनीही त्यांच्या अर्थाचा स्वतंत्र विचार केला नाही.

समारोप

वरील विवेचनातून अध्यापनासाठी काही सूचना पुढे येतात. फ्रेजल व्हर्ब एकट्या पर्यायासह न देता किमान दोन वाक्यांत आणि तिच्या नेहमीच्या कर्मांसह द्यावी : ‘गिव्ह अप’ द्यायचे तर सवय, आशा आणि जागा यांच्यासह. तिची प्रयोजक किंवा अकर्मक जोडीदार असल्यास सोबत दाखवावी. पर्याय दिल्यास तो कोणत्या प्रसंगी चालतो आणि कोणत्या प्रसंगी चालत नाही, हे नोंदवावे. मराठी अर्थ देताना कोशातील एक तत्सम शब्द देण्याऐवजी बोलीतील वाक्प्रचार किंवा संयुक्त क्रियापद द्यावे. परीक्षेत क्रियापद काढून टाकण्याऐवजी दिलेल्या प्रसंगाला दोहोंपैकी कोणते रूप शोभते, असा प्रश्न विचारावा. यासाठी वेगळा खर्च किंवा वेगळी साधने लागत नाहीत.

इंग्रजी शिकण्यासाठी मराठी विसरावी लागते, अशी एक समजूत आपल्याकडे घर करून आहे. फ्रेजल व्हर्बच्या बाबतीत तरी ती खरी नाही. ज्या विद्यार्थ्याला ‘करून टाकणे’ आणि ‘करून बसणे’ यांतील अंतर कळते, त्याला ‘गिव्ह अप’ आणि ‘गिव्ह इन’ यांतील अंतर कळू शकते. ते त्याला कळत नसेल, तर आपण त्याच्यासमोर ठेवलेले कोष्टक एकदा तपासून पाहिले पाहिजे.